शब्द पाठ आहेत, पण लिहिताना सापडत नाहीत: एकच लेखन पुन्हा पुन्हा करून घेण्याबद्दल

सोलापुरात जर्मनचे वर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "माझ्या बी-१ च्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, बॅचमध्ये निम्म्या नर्सिंग झालेल्या मुली आहेत, बाकी डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगवाले. शब्दांच्या चाचणीत सगळ्यांना उत्तम गुण पडतात. पण लिहायला दिलं की तेच चार शब्द फिरून फिरून येतात: गूट (चांगलं), श्योन (सुंदर), प्रोब्लेम (अडचण), माखेन (करणे). मी प्रत्येक वही लाल पेनने नीट तपासून देते, बरोबर शब्द वर लिहून देते, तरी पुढच्या निबंधात पुन्हा तेच. लेखनातून शब्दसंग्रह खरंच वाढवता येतो का? खर्डे करून घ्यायचे तर नेमकं कसं? आणि पहिल्या खर्ड्याला गुण द्यावेत का?"

मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते आणि हा प्रश्न दर नव्या बॅचबरोबर माझ्यासमोर उभा राहतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. तुमच्या मुलांना शब्द येत नाहीत असं नाही. चाचणीत त्यांना शब्द ओळखता येतो, कारण तिथे तो तुम्ही समोर ठेवलेला असतो. लिहिताना कोणी समोर ठेवत नाही. काय म्हणायचं आहे ते मनात आलं पाहिजे, त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द नाही हे जाणवलं पाहिजे, मग तो डोक्यातून शोधून, लिंग-वचन-विभक्ती सांभाळून वाक्यात बसवला पाहिजे. एवढ्या खटपटीत मेंदू जवळचा रस्ता धरतो आणि 'गूट' लिहून मोकळा होतो. वाचताना समजणारे शब्द नेहमीच वापरता येणाऱ्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आपल्या मातृभाषेतसुद्धा. तेव्हा हवं आहे ते नवीन यादी देणं नाही. ओळखीचा शब्द वापरात कसा आणायचा, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट दुरुस्तीच्या वेळेची. मुलीने निबंध लिहिला, वही दिली, तिच्या दृष्टीने तो विषय संपला. चार दिवसांनी तुम्ही लाल पेनने सुचवलेला शब्द तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा तिला त्या शब्दाची गरजच उरलेली नसते. ती गुण बघते आणि वही मिटते. तुमची मेहनत वाया जाते ती ती कमी पडते म्हणून नाही, उशिरा पोचते म्हणून. शब्द मनात रुततो तो अडलेल्या क्षणी. सगळा खटाटोप करायचा तो हा अडलेला क्षण मुद्दाम निर्माण करायला, तो थोडा लांबवायला, आणि मग शब्द हातात आल्यावर तो लगेच वापरायला लावायला. म्हणूनच मी सांगते की तीन विषयांवर एकेकदा लिहून घेण्याऐवजी एकाच विषयावर तीनदा लिहून घ्या.

यामागे माझ्या अनुभवाशिवायही आधार आहे. कॅनडात इंग्रजी बोलणारी मुलं शाळेत बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकत होती. त्यांना ऐकून-वाचून फ्रेंच उत्तम कळायचं, पण बोलण्या-लिहिण्यात ती अडखळायची. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी त्यांचा अभ्यास करून १९८५ मध्ये मांडलं की नुसतं ऐकणं-वाचणं पुरत नाही. स्वतः भाषा तयार करावी लागली की आपल्याला काय येत नाही ते शिकणाऱ्याच्या लक्षात येतं. पुढे २००१ मध्ये लॉफर आणि हुल्स्टाइन या अभ्यासकांनी शब्द टिकण्याबद्दल जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: शब्दाची गरज भासणं, तो शोधणं, आणि सापडलेला शब्द इथे बसतो की नाही हे पारखणं. खर्डा सुधारताना या तिन्ही आपोआप घडतात. यादी पाठ करताना तिसरी तर जवळजवळ घडतच नाही.

आता आपल्या मुलांची एक खास अडचण, जी परदेशी लेखकांच्या पुस्तकांत तुम्हाला सापडणार नाही. मराठीत आपण नाम घेतो आणि पुढे 'करणे' लावतो. फोन करणे, मदत करणे, अभ्यास करणे, साफ करणे, लग्न करणे. त्यामुळे मराठी मुलाच्या हातून 'माखेन' सुटत नाही. जर्मनमध्ये या प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद आहे: आनरूफेन, हेल्फेन, लेर्नेन, पुत्सेन, हायरातेन. हे शब्द मुलांना ए-१ पासून, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून माहीत असतात. पण घाईत मराठी साचा आधी येतो आणि 'हिल्फं माखेन' कागदावर उतरतं. तीच गत परीक्षेची. आपण परीक्षा 'देतो', म्हणून मुलं 'प्र्यूफुंग गेबेन' लिहितात. जर्मन वाचणाऱ्याला ते परीक्षा घेणाऱ्याबद्दल वाटेल. तिथे 'आपलेगेन' किंवा साधं 'माखेन' चालतं, आणि पास झालात तर 'बेश्टेएन'. निर्णय आपण 'घेतो' म्हणून 'एन्टशाइडुंग नेमेन' येतं. हवं असतं 'ट्रेफेन'. प्रश्न 'विचारतो' म्हणून 'फ्रागं फ्रागेन'; हवं असतं 'श्टेलेन'. इंग्रजी माध्यमातल्या मुलांची यात आणखी एक भर: 'बिकम'च्या सवयीने 'मी इंजिनिअर बेकोमे' लिहितात, आणि त्याचा अर्थ होतो 'मला इंजिनिअर मिळतो'. हे सगळं नामाच्या जोडीला कुठलं क्रियापद येतं याचं अज्ञान आहे. तुमच्या यादीत 'एन्टशाइडुंग म्हणजे निर्णय' एवढंच असेल, तर जोडीदार शब्द कोण हे मुलांना कळणार कुठून? तो कळतो वाक्य लिहिताना, अडल्यावर.

मी काय करते ते सांगण्याआधी एक. हे सगळीकडे जसंच्या तसं लागू होणार नाही. ए-१ च्या मुलांना तीन खर्डे लिहायला लावू नका. त्यांची चार-पाच वाक्यं तोंडी बदलून घेतली तरी पुरे. परीक्षा महिन्यावर आली असेल तर तिसरं लेखन सोडून द्या. चाळीस जणांचा वर्ग असेल तर प्रत्येक वही प्रत्येक वेळी बघणं माणसाला शक्य नाही. तिथे जोड्या लावाव्या लागतात आणि दर वेळी काहीच वह्या नीट बघायच्या. तुमची बॅच बी-१ ची आहे, तेव्हा मी पुढे सांगते ते तुम्हाला बऱ्यापैकी जमेल.

पहिला खर्डा वर्गातच, हाताने, वीस मिनिटांत, शब्दकोश आणि मोबाईल बाजूला ठेवून. एकच नियम: थांबायचं नाही. शब्द अडला तर तिथे चौकट काढायची आणि आत मराठी शब्द लिहून पुढे जायचं. ही चौकट फार महत्त्वाची आहे, ती मुलांना लाजेची गोष्ट वाटता कामा नये. बऱ्याच मुलांना वाटतं की चौकट म्हणजे आपल्याला आलं नाही याची कबुली, म्हणून ती अडलेली कल्पनाच गाळतात आणि येत असलेल्या शब्दांत मावेल तेवढंच लिहितात. लेखन सपक होतं ते इथे. मी वर्गात स्पष्ट सांगते की ज्या खर्ड्यात एकही चौकट नाही तो लिहिताना तुम्ही फारसं काही सांगायचा प्रयत्न केलेला नाही.

एक उदाहरण जवळून बघू. विषय होता: शहरात राहावं की खेड्यात? एका विद्यार्थ्याचा पहिला खर्डा मराठीत सांगायचा तर असा होता: "खेड्यातलं आयुष्य गूट आहे. हवा गूट आहे. लोक गूट आहेत. पण पुष्कळ प्रोब्लेम आहेत. बस नाही. डॉक्टर लांब आहे. सगळे गाडीवर [अवलंबून]." व्याकरण जवळजवळ बरोबर होतं. लाल पेन चालवायचं म्हटलं तर फारसं काही नव्हतंच, आणि तरीही यात भाषा नव्हती.

या खर्ड्यावर मी एकही शब्द दुरुस्त केला नाही. समासात प्रश्न लिहिले. हवा गूट म्हणजे कशी? थंड, स्वच्छ, की धूळ नसलेली? लोक गूट आहेत हे तुला कशावरून कळलं, ते काय करतात? पुष्कळ प्रोब्लेम कोणाला येतात? डॉक्टर किती लांब? प्रश्न शब्दांबद्दल नव्हते, मजकुराबद्दल होते. त्याचा फायदा असा की उत्तर द्यायला मुलाला नेमका विचार करावा लागतो, आणि नेमका विचार आला की त्याला नेमका शब्द मागावाच लागतो. तुम्ही 'गूटऐवजी दुसरं विशेषण वापर' असं लिहिलंत, तर तो शब्दकोशातून सगळ्यात भारदस्त विशेषण उचलून आणेल. गावच्या हवेला 'हेरफोरागेन्ड' म्हटलेलं मी वाचलेलं आहे. ते 'अत्युत्कृष्ट हवा' म्हटल्यासारखं होतं. शब्दाची अदलाबदल म्हणजे सुधारणा नाही. वाक्यात माहिती वाढली तर शब्द आपोआप बदलतो.

दुसऱ्या खर्ड्यात त्याने काय केलं ते बघा. हवा 'फ्रिश' म्हणजे ताजी झाली, आणि पुढे 'कारण कारखाने नाहीत' हे जोडलं गेलं. लोक 'हिल्फ्सबेराइट' झाले, म्हणजे मदतीला तयार. त्याचं कारणही आलं, की आजी आजारी असताना शेजारी जेवण आणून देत. 'प्रोब्लेम' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी 'एस फेल्ट आन' म्हणजे 'ची कमतरता आहे' ही रचना आली: डॉक्टरांची कमतरता आहे, सगळ्यात जवळचा दवाखाना वीस किलोमीटरवर आहे. हे सगळे शब्द त्याच्या यादीत होते. चाचणीत त्याने ते बरोबर लिहिलेही असणार.

खरी मजा आली ती चौकटीतल्या 'अवलंबून'वर. शब्दकोशात त्याला दोन शब्द मिळाले: 'आपहेंगिश' आणि 'आनगेवीझेन'. कुठला घ्यायचा? मी उत्तर सांगितलं नाही, फळ्यावर दोन्ही लिहिले आणि वर्गाला डीडब्ल्यूडीएस उघडायला सांगितलं. बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा हा जर्मन शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे, आणि त्यात शब्दाचं 'वोर्टप्रोफील' बघता येतं, म्हणजे हा शब्द कोणाकोणाच्या संगतीत येतो ते. मुलांनी उदाहरणं वाचून स्वतःच ठरवलं की 'आपहेंगिश' जोडीला 'फॉन' हा शब्दयोगी घेतो आणि व्यसनाच्या संदर्भातही येतो. 'आनगेवीझेन' पुढे 'आउफ' घेतो आणि ज्याच्यावाचून आपलं चालत नाही अशा गोष्टीबद्दल येतो. खेड्यात गाडीवाचून चालत नाही, तेव्हा 'आउफ दास आउटो आनगेवीझेन'. चूक पहिलाही नव्हता, पण दुसरा जास्त नेमका बसला. या चर्चेला दहा मिनिटं गेली. यादीतून मी त्या दहा मिनिटांत वीस शब्द 'घेतले' असते. पण या एका शब्दाची गरज, शोध आणि पारख अशा तिन्ही गोष्टी बारा जणांसमोर झाल्या, आणि पुढच्या लेखनांत तो न सांगता आला, वेगवेगळ्या मुलांच्या वह्यांत.

दोन खर्ड्यांच्या मध्ये मी त्याच विषयावरचा एक छोटा जर्मन मजकूर वाचायला देते, साधारण अर्ध्या पानाचा. तो पहिल्या खर्ड्याच्या आधी मुळीच द्यायचा नाही. आधी दिला तर मुलं त्यातली वाक्यं उचलून लिहितात आणि काही अडतच नाही. नंतर दिला तर तीच मुलं तो मजकूर भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तसा वाचतात, कारण कुठे अडलं होतं हे त्यांना पक्कं आठवत असतं. "अच्छा, हे असं म्हणतात होय" हे वाक्य ऐकू आलं की काम झालं. वाचताना मी एवढंच सांगते: तुमच्या खर्ड्याला उपयोगी पडतील असे चार-पाच तुकडे अधोरेखित करा. शब्द नव्हे, तुकडे. नाम त्याच्या क्रियापदासकट, विशेषण त्याच्या शब्दयोगीसकट.

आता तुमच्या लाल पेनाबद्दल. चुका दुरुस्त करून देण्याचा उपयोग होतो का, यावर अभ्यासकांत मोठा वाद झालेला आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणं निरुपयोगी आणि उलट हानिकारक आहे अशी टोकाची भूमिका घेतली, आणि १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी तिचा प्रतिवाद केला. त्या वादात पडण्याची आपल्याला गरज नाही. मी शब्दांपुरतं बोलते, आणि माझं मत स्पष्ट आहे: बरोबर शब्द वर लिहून देऊ नका. तुम्ही लिहून दिलात की शोध आणि पारख तुमची झाली, मुलाने फक्त उतरवून काढलं. मी तीन खुणा वापरते. साधी रेघ म्हणजे शब्द चालतो, पण काही सांगत नाही. नागमोडी रेघ म्हणजे शब्द बरोबर, जोडीदार चुकला, म्हणजे आपला 'प्र्यूफुंग गेबेन'. प्रश्नचिन्ह म्हणजे मला अर्थ लागला नाही. एका खर्ड्यात या तिन्ही मिळून पाच-सहाच खुणा, त्याहून जास्त नाही. बाकीच्या चुका दिसल्या तरी त्या वेळी सोडून द्यायच्या. शिक्षक म्हणून हे जड जातं, पण पंचवीस खुणा असलेली वही बघून कोणीही मन लावून पुन्हा लिहायला बसत नाही. नागमोडी रेघेखालचं मात्र मुलाला दोनदा प्रयत्न करूनही सापडलं नाही, तर सांगून टाका. शोधाशोध करून थकवण्यातही अर्थ नाही.

तिसरं लेखन म्हणजे दुसऱ्याची सुवाच्य प्रत नव्हे. तिसऱ्या वेळी वाचणारा बदलायचा. इथे गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या बी-१ परीक्षेचा साचाच आपल्या मदतीला येतो. त्या लेखन विभागात साठ मिनिटांत तीन कामं असतात: मित्राला सुमारे ८० शब्दांची ईमेल, एखाद्या विषयावर सुमारे ८० शब्दांत स्वतःचं मत, आणि सुमारे ४० शब्दांची औपचारिक ईमेल. खेडं-शहर या विषयावर मत लिहून झालं असेल, तर आता त्याच मुलाने शहरातून गावी राहायला गेल्याचं मित्राला कळवायचं, किंवा गावातल्या दवाखान्याला भेटीची वेळ बदलण्याबद्दल औपचारिक लिहायचं. मजकुराचा गाभा तोच, शब्द तेच, पण त्यांचा सूर आणि वाक्यातली जागा बदलते. मित्राला 'आनगेवीझेन' जरा जड वाटतो, तिथे 'गाडीशिवाय काहीच होत नाही' असं साधं येतं. औपचारिक पत्रात 'टेर्मीन', म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, आला की त्याचे जोडीदार लागतात: ठरवायचा तर 'फेरआइनबारेन', रद्द करायचा तर 'आपझागेन', पुढे ढकलायचा तर 'फेरशीबेन'. 'टेर्मीन माखेन' बोलण्यात चालतं, पण तीनही कामं त्या एकाच 'माखेन'वर भागत नाहीत, हे मुलांना या पत्रात कळतं.

परीक्षेच्या तपासणीत कामाची पूर्तता, सुसंगती, शब्दसंपदा आणि रचना असे चार निकष असतात, म्हणजे शब्दांना स्वतंत्र जागा आहे. १०० पैकी ६० ला विभाग सुटतो. तेव्हा परीक्षेची घाई असलेल्या मुलांना आणि पालकांना हेही सांगता येतं की या फेरलेखनात वेळ वाया जात नाही. बी-१ ची गोएथेची शब्दसूची सुमारे २४०० नोंदींची आहे. ती सगळी पाठ असूनही लेखनात अडकलेली मुलं तुम्ही बघितलेली असणारच.

तुमच्या नर्सिंगच्या मुलींसाठी विषय वेगळे घ्या, असं मला कळकळीने सांगायचं आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबद्दल करार झाल्यापासून लहान शहरांतही जर्मन शिकणाऱ्यांत काम करणारी, अनुभवी माणसं वाढली आहेत. वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या मुलीला 'माझी आवडती सुट्टी' यावर काय लिहावं हे सुचत नाही, आणि मग आपण म्हणतो हिचा शब्दसंग्रह कमी आहे. तिलाच पाळी संपताना पुढच्या नर्सला द्यायची माहिती लिहायला सांगा. तिच्याकडे सांगण्यासारखं एवढं असतं की चौकटींनी पान भरतं. रुग्ण वेदनेची तक्रार करतो: 'क्लाग्ट युबर श्मेर्त्सेन'. रक्तदाब मोजला: 'ब्लूटड्रुक गेमेसेन'. ड्रेसिंग बदललं: 'फेरबान्ट गेवेक्सेल्ट'. पहिल्या खर्ड्यात या तिन्ही ठिकाणी 'गेमाख्ट', म्हणजे 'माखेन'चंच 'केलं' हे रूप, असतं. दुसऱ्यात एकाही ठिकाणी राहत नाही, कारण तिला स्वतःलाच ते खटकतं. रक्तदाब 'केला' असं ती मराठीतही म्हणणार नाही. आणि हे शब्द तिला जर्मनीत पहिल्याच दिवशी लागणार आहेत.

वहीबद्दल थोडं. शब्दांची यादी ठेवू नका असं मी म्हणत नाही, पण वहीत शब्द जाईल तो मुलाच्या स्वतःच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या खर्ड्यातल्या वाक्यासकट. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर त्याचं जर्मन वाक्य. पाठ करताना उजवं पान झाकायचं. दोन-तीन आठवड्यांनी मी एक काम करते जे मुलांना फार आवडतं: त्यांचाच जुना खर्डा घेऊन त्यातले त्यांनी मिळवलेले पाच-सहा शब्द खोडून परत देते आणि रिकाम्या जागा भरायला सांगते. स्वतःचं वाक्य पुरं करताना आठवण वेगळीच काम करते. शब्द आठवला नाही तरी तो कुठल्या अडचणीतून आला होता हे आठवतं, आणि बऱ्याचदा त्यामागोमाग शब्दही येतो.

मोबाईल आणि भाषांतराची अ‍ॅप्स यांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. बंदी घालून उपयोग नाही. क्रम मात्र पाळायला लावा. पहिला खर्डा वर्गात हाताने झाला की चौकटी मुलाच्या मालकीच्या होतात. त्यानंतर त्याने घरी जाऊन अ‍ॅपला किंवा एआयला विचारलं, तर तो आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे. माझी अट एवढीच की मिळालेलं वाक्य आणि स्वतःचं वाक्य शेजारी शेजारी लिहून आणायचं आणि फरक काय, कुठलं का घेतलं, हे एका ओळीत मराठीत सांगायचं. सांगता आलं नाही तर तो शब्द खर्ड्यात येणार नाही. घरून थेट तयार होऊन आलेला गुळगुळीत निबंध मी वाचतही नाही, कारण त्यावर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एका मर्यादेबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. खर्डे सुधारून शब्द हवेतून येत नाहीत. मुलाने तो कधी वाचलेला-ऐकलेला नसेल तर अडल्यावरही त्याला तो आठवणार नाही, आणि शब्दकोशातून पहिल्यांदाच उचललेला शब्द बहुतेक वेळा वेडावाकडा बसतो. आठवड्याला थोडं तरी सोपं वाचन आणि ऐकणं चालू असेल तरच फेरलेखनाला खायला मिळतं. दुसरं, वाक्यात क्रियापदाची जागा चुकण्यासारख्या गोष्टी या मार्गाने फारशा सुटत नाहीत. त्यांचा सराव वेगळा घ्या, खर्ड्यावर त्यांचं ओझं टाकू नका.

वेळेचं गणित मी साधारण असं बसवते: पंधरा दिवसांत एकच विषय. पहिल्या तासाला खर्डा. दोन दिवसांत समासातले प्रश्न आणि खुणा करून वह्या परत. पुढच्या तासाला फळ्यावर वर्गातल्या निवडक चौकटी, मग वाचन, आणि दुसरा खर्डा घरी. दुसऱ्या आठवड्यात वाचणारा बदलून तिसरं लेखन, वर्गात, पुन्हा शब्दकोशाशिवाय. याहून दाट केलंत तर मुलं कंटाळतात आणि तुम्ही थकता. तुमची बॅच बारा-पंधराची असेल तर प्रत्येक वहीला पाच-सहा मिनिटं लागतात, सगळ्या चुका दुरुस्त करण्यापेक्षा कमीच.

आता गुणांचा प्रश्न. पहिल्या खर्ड्याला गुण मुळीच देऊ नका. गुण दिलेत की चौकटी बंद होतात. मूल जोखीम घेत नाही आणि 'गूट'कडे परत जातं. दुसऱ्या खर्ड्याला मी गुण देते ते फक्त बदलांना: किती ठिकाणी माहिती वाढली, आणि नागमोडी रेघांपैकी किती जोड्या जुळल्या. निबंध किती सुंदर झाला याला तिथे गुण नाहीत, त्यामुळे कच्च्या मुलालाही चांगले गुण मिळू शकतात आणि हुशार मुलाला नुसती सुवाच्य प्रत देऊन सुटता येत नाही. तिसरं लेखन परीक्षेच्या चारही निकषांवर तपासा आणि तिथे हात आखडता घ्या. आणि दर महिन्याला एकदा, गुण न देता, जुन्या वह्या उघडून बघा की मागच्या विषयातला कुठला शब्द या विषयात कोणी न सांगता वापरला आहे. सापडला की त्या मुलाच्या वहीत तारीख घालून तेवढीच नोंद करा आणि त्याला दाखवा. चाचणीचे गुण दाखवून जे घडत नाही ते या नोंदीने घडतं: पुढच्या खर्ड्यात ते मूल स्वतःहून चौकट काढतं.